बदलीच्या सामानातली माशांची टाकी

शासकीय कर्मचाऱ्यांच्या सर्वसाधारण बदल्या २००५च्या कायद्यानुसार एप्रिल-मे महिन्यांत होतात. मुलांच्या शाळेच्या दृष्टीने ही वेळ बरी. पण खानदेशात हेच दिवस पारा त्रेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर जाण्याचे. यावलहून जळगावला, धुळ्याला बिऱ्हाड हलवताना कूलर, फ्रिज, कपाटे मोजून होतात आणि छोटा हत्ती दारात उभा राहिल्यावर माशांची टाकी आठवते. खरे तर तिची तयारी सगळ्यांच्या आधी सुरू व्हायला हवी.

पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशांना लिटरमागे साधारण ८.३ मिलिग्रॅम, तर ३५ अंशांना जेमतेम ७. गरम पाण्यात माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढते. म्हणून पहाटे अंधारात निघावे हे उत्तम. आदल्या दिवशी माशांना खायला घालू नये. रिकाम्या पोटी ते पाणी कमी घाण करतात. पिशवीत पाणी एक तृतीयांश आणि बाकी हवा, हे प्रमाण उलटे केले की मासे गुदमरतात. पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात ठेवून खोके माणसांसोबत गाडीत घ्यावे, मागे टपावर नव्हे.

एवढी काळजी बहुतेक लोक घेतात. तरीही नव्या घरी आठवडाभरात मासे एकामागून एक मरतात आणि दोष ‘तिकडच्या पाण्याला’ दिला जातो. कधी तो खराही असतो, पण बहुतेकदा जुन्या टाकीतले जिवाणू वाटेत मेलेले असतात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर वाढलेले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक नायट्रेट करतात. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. सामान बांधताना आपण मात्र घाणेरडा दिसतो म्हणून तोच स्पंज नळाखाली खसखसून धुतो आणि उन्हात वाळत घालतो. त्याऐवजी तो टाकीच्याच पाण्यात भिजवून, झाकण सैल ठेवलेल्या बादलीत न्यावा. हवाबंद डब्यात कोंडला तर जिवाणू प्राणवायूअभावी मरतात. खडीही ओलीच न्यावी. टाकीतच ठेवून नेऊ नये.

कारण टाकी रिकामीच उचलायची असते. दोन फूट लांब आणि फूटभर रुंद-उंच टाकीत ५६ लिटर पाणी मावते. काच आणि खडी धरली तर वजन ७० किलोंच्या पुढे जाते. अर्धी भरलेली टाकीही दोघांनी उचलली की काच पिळते आणि कोपऱ्याचे सिलिकॉन सुटते. गळती लगेच दिसत नाही, रात्री दिसते.

नव्या घरी नळाला पाणी कधी येते, हे आधी विचारून ठेवावे. आपल्याकडच्या गावांत ते रोज येईलच असे नाही. शक्य तेवढे जुने पाणी पिंपात सोबत न्यावे, नवे पाणी एक दिवस उघडे ठेवून क्लोरीन उडू द्यावा. तुरटी फिरवण्याची आपली घरगुती सवय इथे नको. बोअरचे जड पाणी असेल तर ते थोडे थोडे मिसळत जावे. पुण्या-मुंबईकडून रात्रभराचा प्रवास करून आलेल्या पिशव्यांची गोष्ट निराळी: बंद पिशवीतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे अमोनियाची विषारी बाजू दबलेली असते, पिशवी उघडताच ती उसळते. अशा वेळी तापमान जुळले की मासे जाळीने टाकीत सोडावेत, पिशवीचे पाणी ओतू नये.

टाकी ईशान्येला असावी, असे अनेकजण मानतात. मानावे, पण पश्चिमेची भिंत दुपारनंतर तापते हे माशांना वास्तूपेक्षा जास्त कळते. पहिल्या आठवड्यात खाद्य निम्मे ठेवावे आणि वीज गेली तर चालणारा बॅटरीचा एअरपंप जवळ असावा.

ज्यांना टाकी नेणे जमत नाही त्यांनी मासे शेजाऱ्याला, शाळेला किंवा दुकानदाराला द्यावेत. तापीत किंवा हतनूरच्या जलाशयात सोडणे हे पुण्य नव्हे. काच साफ ठेवतो म्हणून आणलेला सकर मासा मुळात दक्षिण अमेरिकेतला. मोकळ्या पाण्यात तो वाढतो, काठ पोखरतो आणि काटेरी कवचाने मच्छिमारांची जाळी फाडतो.