दिल्लीवारीत बाई, सहीत का नाही?



२७ मार्च १८६३. वॉशिंग्टनला प्रेसिडेंट लिंकनपुढे आदिवासींचं शिष्टमंडळ नेलं. त्यात किओवा जमातीच्या दोन बाया होत्या. भाषणं पुरुषांनी केली. लिंकनने उपदेश केला, शेती करा.

१८६७ ला करार झाला. तीन-चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्यांशिवाय किओवांची जमीन जाणार नाही. पुरुषांच्या! एवढ्या लांब राजधानीपर्यंत गेलेल्या बायांची सही मोजायचीच नव्हती.

पुरुषांच्या तरी मोजल्या का? १८९२ च्या कागदावर सह्या कमी पडल्या, तरी संसदेने तो मंजूर केला. माणशी १६० एकर ठेवून उरलेली बहुतेक जमीन १९०१ पासून गोऱ्यांना खुली. लोन वुल्फ कोर्टात गेला. १९०३ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं, करार मोडायचा संसदेला अधिकार आहे.

आम्ही विचारतो, राजधानीत जाऊन साहेबाला भेटलं की जमीन वाचते का? आणि निम्मं गाव बाहेर ठेवून सरकारशी लढता येतं का? आपल्याकडेही मोर्च्यात बाई पुढे, सातबाऱ्यावर नवऱ्याचं नाव. हे बंद करा. दाव्यावर दोघांची नावं घाला. बाया नसलेल्या सभेचा ठराव आम्ही मानणार नाही!