‘लोकांत मिसळा’ एवढे सांगून भागत नाही

एकट्या पडलेल्या माणसाला डॉक्टरांपासून नातेवाइकांपर्यंत सगळे एकच सल्ला देतात: ‘चार लोकांत मिसळत जा.’ मिसळायचे कसे, हे मात्र कोणी सांगत नाही. अनोळखी माणसांत शिरून बोलायला सुरुवात करणे, हेच तर त्याला जमत नसते. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात रुजलेल्या कॉन्ट्रा नृत्यात ही जबाबदारी नवख्यावर टाकत नाहीत. ती ‘कॉलर’ची, म्हणजे नाचाच्या हाका देणाऱ्याची असते.

हा सामूहिक नाच मुळात इंग्लंडमधील लोकनृत्यांतून आला. जोड्या लांब रांगांत उभ्या राहतात, फिडल-पियानोवर ६४ ठोक्यांची धून वाजते. साधारण अर्ध्या मिनिटात एक आवर्तन संपते आणि प्रत्येक जोडी पुढच्या नव्या जोडीसमोर येते. ओळख करून घेण्याचा संकोच उरतच नाही; रांगच ओळख करून देते.

कॉलर आधी संगीताशिवाय सगळ्यांकडून पावले करून घेतो. धून सुरू झाली की प्रत्येक हालचालीच्या किंचित आधी हाक देतो. पावले अंगवळणी पडली की हाका कमी करतो आणि शेवटी गप्प बसतो. पण त्याचे खरे काम नजरेचे आहे. नवखे जास्त दिसले तर तो सोपा नाच निवडतो, मंडळी दमली तर गिरक्या कमी असलेला. जुन्या नाचणाऱ्यांना तो नवख्यांना जोडीला घ्यायला सांगतो. दर नाचाला जोडीदार बदलण्याची प्रथा असल्याने आपापसातले कंपू आपोआप सैल होतात.

याला विज्ञानाचाही आधार आहे. ब्रॉनविन टार, रॉबिन डनबर आदींनी ब्राझीलमधील शालेय विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. एका तालात हालचाल केल्याने आणि अंगमेहनतीने, दोन्हींनी स्वतंत्रपणे, वेदना सोसण्याची क्षमता आणि गटाविषयीची जवळीक वाढलेली आढळली. २००३ मध्ये न्यूयॉर्कमधील ७५ वर्षांवरील ४६९ जणांच्या अभ्यासात नाचणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी दिसले. अर्थात नाचामुळेच ते कमी झाले, असे त्यावरून सिद्ध होत नाही. ज्यांची प्रकृती चांगली तेच नाचायला जातात, असेही असू शकते. एकटेपणा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, हे मात्र अमेरिकेच्या सर्जन जनरलनी २०२३ मध्ये अधिकृतपणे सांगितले आहे.

या नाचात हात धरावे लागतात, गिरकीत चक्कर येऊ नये म्हणून नजरेला नजर द्यावी लागते. सगळ्यांनाच ते सोयीचे नसते. म्हणूनच नजर जमत नसेल तर खांद्याकडे पाहा, नकार द्यायला कारण लागत नाही, हे कॉलरने सुरुवातीलाच सांगायला हवे. अनेक ठिकाणी आता ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ या भूमिकांऐवजी ‘लार्क’ आणि ‘रॉबिन’ ही पक्ष्यांची नावे वापरतात; कोणीही कोणतीही भूमिका घ्यावी. यामुळे परंपरा मोडते, नाचायला आलेल्यांना उपदेश ऐकावा लागतो, अशी जुन्या मंडळींची तक्रार असते. तीत थोडे तथ्य आहे. लांबलचक भाषणाने नाचाची मजा जाते. पण दोन वाक्यांच्या सूचनेने ती जात नाही. पावले तीच, धूनही तीच राहते. न सांगितल्यामुळे जो माणूस अवघडून घरी जातो, तो पुन्हा येत नाही. आणि अनेकदा सोबतीची सर्वांत जास्त गरज त्यालाच असते.

ज्येष्ठांचा कट्टा असो वा व्यायामाचा गट, जागा आणि वेळ ठरवून तो चालत नाही. कडेला कोण उभे आहे हे पाहणारा, त्याला जोडीदार मिळवून देणारा आणि काम झाले की मागे सरणारा एक माणूस तिथे नेमावा लागतो. ‘मिसळा’ असे सांगणाऱ्यांनी आधी तो नेमावा.