वंशावळीतल्या बाया कुठे गेल्या?

सध्या ज्याच्या त्याच्या घरी वंशावळ निघते आहे. कुणाला जात पडताळणीसाठी हवी, कुणाला वारस लावायला. २०२३ च्या सप्टेंबरात शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हापासून तर लग्नाच्या पंगतीतही ‘आमच्या पणजोबाची नोंद सापडली’ हे वाक्य ऐकू येतं. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. त्यामुळे ट्रंका उघडल्या, माळे झाडले गेले आणि एरवी आजोबांचं नाव धड न सांगणारी पोरंही पणजोबाच्या वडिलांपर्यंत जाऊन पोचली.

आमच्या बार्शीटाकळीच्या घरीही पुतण्याने चार्टपेपरवर सुरेख वंशवेल काढली. सात पिढ्या, एकेचाळीस नावं. मी दोनदा वाचली. सगळे पुरुष! न राहवून विचारलं, “काय रे, हे एकेचाळीस जण काय झाडाले लागले होते?” तो हसला. म्हणाला, “काकू, फॉर्मात एवढंच लागते.”

त्याचं काही चुकलं नव्हतं. फॉर्मात खरंच एवढंच लागतं. पण मैत्रिणींनो, जे फॉर्मात लागत नाही ते घराच्या आठवणीतूनही पुसलं जातं, ही गोष्ट मात्र मला छळत राहिली. त्या एकेचाळीस जणांना जन्म देणाऱ्या, त्यांच्या शेतात निंदण-वेचणी करणाऱ्या आणि त्यांच्यानंतर घर धरून ठेवणाऱ्या बाया गेल्या कुठे?

आमचं सासरचं घराणं मूळचं इथलं नाही. पैनगंगेपलीकडून, त्या वेळच्या निजामाच्या मुलखातून आलेलं. वऱ्हाडात अशी घरं गावोगावी आहेत. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तिथला कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस दिसला. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली. काळी जमीन, हातात पैसा देणारं पीक आणि दाराशी आगगाडी. बैलगाडीत संसार घालून माणसं इकडे येत राहिली. त्यातच आमचे खापरपणजोबा. चार्टपेपरवर सगळ्यात वर त्यांचंच नाव आहे.

गंमत बघा, ज्या युद्धामुळे वऱ्हाडात माणसं आली, त्याच युद्धाच्या धामधुमीत, १८६२ साली अमेरिकेने होमस्टेड कायदा केला. पश्चिमेकडच्या मोकळ्या म्हटलेल्या जमिनीवर (ती तिथल्या मूळ रहिवाशांची होती, हे कायद्यात कुठे असणार!) पाच वर्षं राहून शेती करा आणि १६० एकर आपल्या नावावर करून घ्या. युरोपातून, अगदी छोट्याशा वेल्समधूनही कुटुंबं तिकडे गेली. आज त्यांचे वंशज आपल्या मूळ माणसांचा माग काढतात. त्यांची अडचण आपल्यासारखीच आहे. वेल्समध्ये पूर्वी आडनाव असं नव्हतंच. मुलाच्या नावापुढे ‘अप’ आणि बापाचं नाव, मुलीच्या नावापुढे ‘वेर्ख’ आणि बापाचं नाव. म्हणजे अमक्याचा मुलगा, तमक्याची मुलगी. पुढे आडनावं आली तीही मोजकीच, जोन्स, डेव्हिस, इव्हान्स. आता जोन्सांच्या जत्रेत आपला जोन्स ओळखायचा कसा?

आपल्या जुन्या कागदांतही हेच. नाव, मग ‘वल्द’ आणि बापाचं नाव. आडनाव असलं तर असलं. आणि बाई? बाईसाठी दोन शब्द होते. नवरा असेल तर ‘जौजे अमुक’, नवरा गेला असेल तर ‘बेवा अमुक’. तिकडच्या ‘वेर्ख’मध्ये निदान ती बापाची लेक तरी होती. इथे लग्न झालं की बापही गेला.

अमेरिकेच्या जनगणनेतही १८४० पर्यंत फक्त घरातल्या कर्त्याचं नाव लिहीत. बाकीची माणसं म्हणजे वयाच्या रकान्यातले नुसते आकडे. १८५० पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहिलं जाऊ लागलं (गुलामांची नावं तेव्हाही बहुतेक नाहीतच). म्हणून त्या आधीच्या आज्या-पणज्या शोधणं तिकडेही कठीण. मग त्या सापडतात कुठे? तर जमिनीच्या कागदांत. होमस्टेडची जमीन एकवीस वर्षांवरच्या अविवाहित बाईला मागता येत होती, विधवेलाही मागता येत होती. नवरा असलेल्या बाईला मात्र सहसा नाही. म्हणजे बाई एकटी असेल तरच तिचं नाव कागदावर!

हे वाचलं आणि मला आमचाच एक कागद आठवला. खापरपणजोबा १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळात गेले. त्यानंतरच्या जमिनीच्या जुन्या नोंदीत, मोडी जाणणाऱ्या एका गुरुजींनी वाचून दाखवलेल्या त्या ओळीत, आमच्या घराण्यातल्या बाईचं पहिलं नाव येतं. नावापुढे ‘बेवा’. वीसेक वर्षं तिने संसार केला, पोरं वाढवली, रान कसलं, पण तेव्हा कोणत्याही कागदाला तिची गरज पडली नाही. कपाळाचं कुंकू पुसलं तेव्हा तिचं नाव लिहिलं गेलं. इकडे वऱ्हाड आणि तिकडे अमेरिका, सात समुद्रांचं अंतर, पण रीत एकच.

बाकी कागद बाईच्या बाबतीत मुकेच. गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, म्हणजे ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो त्यात, जन्माला आलेल्या बाळाचं नाव बहुधा नसतंच. अमुक वल्द तमुक यास मुलगी झाली, एवढंच. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात मुलगा पुढे नावानिशी भेटतो. मुलगी शाळेत घातलीच नाही तर ती कुठे भेटणार?

मॉरिशसची हकीकत तर याहून विलक्षण. १८३४ पासून भारतातले मजूर करारावर तिथल्या उसाच्या मळ्यांत नेले. त्यात मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही होते. त्यांच्या नोंदी तिथल्या मोका गावी महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. उतरलेल्या प्रत्येकाला नंबर, बाईलासुद्धा. नाव, वय, उंची, अंगावरची खूण. पुढे पुढे तर फोटोही. त्यावरून आज मॉरिशसचे मराठी लोक आपलं मूळ गाव शोधत येतात. तो करार गुलामीचाच भाऊ होता आणि ती नोंद मालकाच्या सोयीसाठी होती, हे खरं. पण मनात येतंच. जहाजात बसून परमुलखात गेलेल्या मजूर बाईचं नाव आज सापडू शकतं आणि बैलगाडीत बसून पैनगंगा ओलांडलेली आमची खापरपणजी मात्र नवरा जाईपर्यंत कागदावर नाही!

मग मी कागद सोडले आणि बायकांकडे वळले. आमच्या चुलत सासूबाई नव्वदीला टेकल्या आहेत. त्यांना खापरपणजीचं विचारलं तर म्हणाल्या, “माय, बाईचं नाव कोन पुसे तवा? तिले सारे मोठ्या घरची बुढीच म्हनत.” पण थोडं थांबून म्हणाल्या, “तिच्या भावानं देल्ला गुंड अजून आहे ना माळ्यावर.”

गुंड काढला. काळाठिक्कर पडलेला. चिंच-मीठ लावून घासला तेव्हा गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी टोचलेली अक्षरं दिसली. देणाऱ्या भावाचं नाव, आणि पैनगंगेपलीकडचं एक गाव. शंभर वर्षं आमच्या घरात पाणी भरणारं ते भांडं तिच्या माहेरचा पत्ता सांभाळून होतं! त्या गावी चौकशी केली. त्या घरातल्या एका म्हातारबाईला ऐकून माहीत होतं की आपली एक आत्या ‘वऱ्हाडात दिली होती’. तिने नाव सांगितलं. माहेरी ती एका नदीच्या नावाची होती, आमच्या कागदात देवीच्या नावाची आहे. लग्नात तांदळावर नवं नाव लिहिलं आणि जुनं त्या नदीपलीकडेच राहिलं. दोन्ही नावं एकत्र आली तेव्हा मला वाटलं, आता कुठे ती आमच्या घरात राहायला आली.

असे पुरावे तुमच्याही घरात असतील. आंदणाच्या भांड्यांवरची नावं बघा. म्हाताऱ्या हातांवरचं गोंदण बघा. जात्यावरच्या ओव्या आठवणाऱ्या बायांना बसवून ऐका, त्यात भाऊ येतो, माहेरचा गाव येतो, त्या गावची वाट येते. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने अशा लाखभर ओव्या गोळा झाल्या आहेत. पुरुषांची वंशावळ भाटाच्या पोथीत राहिली, बायांची जात्याशी राहिली. आणि शास्त्र म्हणाल तर श्राद्धातसुद्धा बाप, आजा, पणजा यांच्यासोबत आई, आजी, पणजी यांची नावं घ्यायची असतात. गुरुजी विचारतात, “पणजीचं नाव?” आणि आपण एकमेकांची तोंडं बघतो.

आता कोणी म्हणेल, कशाला हा उद्योग? वंश म्हणजे बापाकडून मुलाकडे जातो, लेक तर दुसऱ्याच्या घरची. हा प्रश्न मला आमच्या घरातच विचारला गेला. उत्तर सोपं आहे. दुसऱ्याच्या घरची म्हणून सोडून दिलेली लेकच कामाच्या वेळी आठवते! ७३व्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतीत एकतृतीयांश जागा बायांना मिळाल्या, २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या. राखीव जागेवर उभं राहायचं तर सुनेला जातीचा पुरावा लागतो, आणि तो सासरचा चालत नाही, तिच्या वडिलांकडचा लागतो. मग नवरा, दीर, सासरे गाडी करून तिच्या माहेरी धावतात आणि तिथल्या वंशवेलीत बघतात, तर तिचं नावच नसतं!

दुसरी गोष्ट जमिनीची, आणि खरी अडचण तिथेच आहे. मुली लिहिल्या तर उद्या वाटा मागतील, ही भीती. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली, तीही तोवर लग्न न झालेल्या मुलींपुरती. २००५ मध्ये केंद्राने कायदा बदलला, लेक जन्मानेच मुलाइतकी हक्कदार झाली. वडील तेव्हा हयात असोत वा नसोत, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने लेक वंशवेलीवर आहेच, आपणच तिला लिहीत नाही. वारसाच्या शपथपत्रातून बहिणीचं नाव गाळणं हा विसराळूपणा नाही, शपथेवर केलेला खोटेपणा आहे. हक्क सोडायचा की घ्यायचा ते बहीण ठरवील. साडी-चोळी देऊन हक्कसोडीवर सही घेण्याआधी ती वारस आहे, हे तर कागदावर येऊ द्या. आपल्याच विदर्भात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा कित्येक शेतकऱ्यांनी आपखुशीने बायकोच्या नावावर जमीन केली होती. त्यांची काही घरं बुडाली नाहीत.

शासनाने एक चांगलं केलं. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या बाळाच्या नावात आईचं नाव आलं, तेही वडिलांच्या नावाआधी. पुढची सोय झाली. मागच्या पिढ्यांची सोय मात्र शासन करणार नाही, ती आपल्यालाच करावी लागेल. त्याला खर्च नाही. एक वही घ्या. प्रत्येक पुरुषाच्या नावाशेजारी त्याच्या बायकोचं सासरचं नाव, माहेरचं नाव, माहेरचं गाव लिहा. लेकी लिहा, त्या कुठे दिल्या ते लिहा. लग्न न केलेली आत्या लिहा, परत आलेली बहीण लिहा, बाळपणी गेलेली मुलगीही लिहा. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईपासून सुरुवात करा, कारण कागद थांबतो, माणूस थांबत नाही.

आमच्या गावच्या कालंका देवीच्या देवळात शके १०९८ चा शिलालेख आहे. दगडावर कोरलेलं साडेआठशे वर्षं टिकलं. तोंडी राहिलेलं नाव तीन पिढ्याही टिकत नाही. आपल्याला दगड नको, दोनशे पानी वही पुरे. पुतण्याच्या चार्टपेपरवर आता एकेचाळीसचे त्र्याऐंशी झाले आहेत, काही चौकोन अजून रिकामे आहेत. पुसून टाकू नकोस म्हटलं त्याला, रिकामे राहू दे. तिथे कोणीतरी होती, एवढं तरी दिसेल.

येत्या आखाजीला पितरांची घागर भराल तेव्हा बाप्यांच्या नावांसोबत या बायांचीही नावं घ्या. मोठ्याने घ्या, पोरांना ऐकू जातील अशी.