दोन टक्क्यांचे औदार्य

पिंपरी-चिंचवडपासून चाकण-रांजणगावपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात शाळेच्या भिंती, पाण्याच्या टाक्या, रुग्णवाहिका यांवर कंपन्यांची नावे ठळक अक्षरांत रंगविलेली आढळतात. ‘कंपनी सामाजिक उत्तरदायित्व’ असे भारदस्त नाव धारण करणारा हा व्यवहार बोलण्यात ‘सीएसआर’ म्हणून रुळला आहे. संस्था चालवावयाची तर कंपनीच्या दारात गेल्यावाचून गत्यंतर नाही, असे अनेक प्रामाणिक कार्यकर्तेही म्हणू लागले आहेत. म्हणूनच या औदार्याचा हिशेब एकदा नीट मांडणे अगत्याचे आहे.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी एका मर्यादेला पोहोचतो, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावयाची आहे. १ एप्रिल २०१४ पासून ही तरतूद लागू आहे. कोणती कामे समाजकार्यात मोडतात, याची यादी कायद्याने दिली आहे. परंतु त्यांतले कोणते काम, कोणत्या वस्तीत, कोणाच्या हातून व्हावे, हे ठरविते कोण? संचालकांची समिती. तिच्यावर कामगारांचा प्रतिनिधी असावा किंवा ग्रामसभेची संमती घ्यावी, असे बंधन कायद्यात नाही. कंपनीने स्वतः स्थापलेल्या न्यासामार्फतही हा पैसा खर्च करता येतो. प्राधान्य आसपासच्या परिसराला द्यावे, असे कायदा सांगतो. म्हणजे जेथे कारखाने तेथेच दान! ज्या आदिवासी मुलखात कारखानदारी पोहोचलीच नाही, तो याचकांच्या रांगेतही शेवटीच उभा राहतो.

आता दुसऱ्या हाताचा व्यवहार पाहावा. २० सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने कंपनी कराचा मूळ दर, अन्य सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी, २२ टक्क्यांवर आणला. मोठ्या कंपन्यांना तो पूर्वी ३० टक्के होता. म्हणजे शंभर रुपये नफ्यामागे आठ रुपयांची सूट आणि दोन रुपयांचे दान. या सवलतींमुळे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांचा महसूल बुडेल, असा अंदाज सरकारनेच दिला होता. देशातील सर्व कंपन्यांचा सीएसआर खर्च २०२२-२३ मध्ये सुमारे ३० हजार कोटी होता. जो पैसा विधिमंडळात व संसदेत मागता आला असता, त्याचा पाचवा हिस्सा आता संचालकांच्या दालनात अर्ज करून मागावयाचा, यालाच उत्तरदायित्व म्हणावयाचे काय?

दानाने काहीच होत नाही, असे कोणी म्हणणार नाही. पुण्याचे ससून रुग्णालय १८६७ मध्ये उभे राहिले ते डेव्हिड ससून यांच्या देणगीच्या आधाराने. ससून घराण्याच्या संपत्तीत चीनबरोबरच्या अफूच्या व्यापाराचा मोठा वाटा होता. पण नाव राहिले ते रुग्णालयाचे. मात्र आज तेथे गोरगरिबांवर उपचार होतात ते सरकारी तिजोरीच्या बळावर. देणगीने इमारत उभी राहते. ती पिढ्यान् पिढ्या चालते करातून.

याहून वेगळी वाट महाराष्ट्रानेच दाखविली आहे. हमालांच्या लढ्यांतून १९६९ चा माथाडी कायदा आला. त्याखालील मंडळाकडे व्यापाऱ्याने मजुरीबरोबर लेव्ही भरावयाची आणि तीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, औषधोपचार चालवावयाचे. मंडळावर मालकांइतकेच कामगारांचे प्रतिनिधी, सोबत सरकारचे. पुण्यात बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ सुरू केली, तिच्या नावातच हा सारा विचार आहे. १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर बसविला तोही रोजगार हमीसाठी. खडी फोडणाऱ्या मजुराने कोणा दात्याचे आभार मानले नाहीत. त्याने काम मागितले, ते हक्काने.

काही जण गांधीजींच्या विश्वस्त कल्पनेची साक्ष काढतात. पण गांधीजींचा विश्वस्त समाजाच्या संपत्तीचा राखणदार होता आणि मालकीवर कायद्याचे नियंत्रण त्या कल्पनेला वर्ज्य नव्हते. दोन टक्के वाटून उरलेल्या नफ्यावर निरंकुश मालकी सांगणारा विश्वस्त कसला?

कायदा आहे तोवर त्या पैशाकडे पाठ फिरविण्याचे कारण नाही. त्यावर अंकुश मागितला पाहिजे. संचालकांच्या समितीत कामगारांचे व स्थानिक स्वराज्य संस्थांचे प्रतिनिधी असावेत. खर्चाचा हिशेब ग्रामसभेत आणि प्रभागात मराठीतून वाचला जावा. कंत्राटी कामगारांचे वेतन वा भविष्यनिर्वाह निधी थकविणाऱ्या कंपनीचा एक रुपयाही समाजकार्य म्हणून धरला जाऊ नये. कारण कामगाराचे देणे बुडवून त्याच्याच मुलाला दप्तर वाटणे हे औदार्य नव्हे. आणि या साऱ्याबरोबर, नफ्यावरील कर पूर्ववत करण्याची मागणी क्षणभरही सोडता कामा नये.

प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील कंपन्यांचे सीएसआर अहवाल मिळवावेत, कंत्राटी कामगारांच्या वेतनपत्रकांशी ताडून पाहावेत आणि तो ताळेबंद फाटकासभेत मांडावा. दात्याच्या नावाची पाटी वाचण्यापेक्षा ते वाचन कामगारांना अधिक शहाणे करील.