दुर्बिणीचा तिसरा हात

आमच्या भाचीच्या तान्ह्याच्या मस्तकांत पाणी सांचलें असून, दुर्बिणीनें त्यास आंतच वाट करून देण्याचें ठरलें आहे. घरांत चिंता. परवां सातपूरच्या कारखान्यांत असलेला आमचा पुतण्या डायल गेज धरणारा स्टँड घेऊन आला. एक कळ पिळतांच त्याचे सारे सांधे ताठ झाले. ‘मेंदूंत दुर्बीण धरणारे कांहीं दांडे याच जातीचे,’ तो म्हणाला.

अशी शस्त्रक्रिया मिक्स्टर यांनीं अमेरिकेंत 1923 मध्यें केली. दुर्बीण एका हातीं धरली कीं कामास एकच हात उरतो. आणि जेथें छिद्र पाडावयाचें, त्याच्या खालींच मोठी धमनी! यासर्गिल यांनीं मेंदू हलकेच बाजूस धरण्यासाठीं केलेला, स्वकन्या लैला हिच्या नांवाचा दांडा पाहावा : मण्यांची माळ, आंतून तार, तार ताणली कीं माळेची काठी होते.

सुश्रुतानें 101 यंत्रांत हातच प्रधान मानला. नाकाच्या मार्गानें जातांना कित्येक शल्यवैद्य अद्यापि सहकाऱ्याचाच हात पसंत करितात. दुर्बीण पुढेंमागें हालली कीं खोलीचा अंदाज येतो. लेखणी धरतांना कांपणारा आमचा हात मात्र दांड्याचाच पक्ष घेतो.

‘कळ झिजली तर?’ आम्हीं विचारिलें.

‘काका, सैल स्टँड आम्ही मापास लावीतच नाहीं.’