बासष्ट टक्केवाल्याचे काय?



जत तालुक्यातल्या बैठकीत ज्वारीच्या भावावर बोलणे चालले होते. बैठक उठता उठता एक गृहस्थ बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, पोरगं बारावीला बासष्ट टक्के पडलंय. हुशार आहे, पण पहिल्या रांगेतलं नाही. एका संस्थेत दोन लाख वर्षाला मागतात, इंजिनिअरिंगला. चार एकर घालवू का?"

मी शेतकीचा पदवीधर. आधी हिशेब केला. २०२४-२५ च्या हंगामात मालदांडी ज्वारीचा हमीभाव ३४२१ रुपये होता, लांब धाग्याच्या कापसाचा ७५२१. दोन लाख म्हणजे ५८ क्विंटल ज्वारी किंवा जवळजवळ २७ क्विंटल कापूस, आणि तोही हमीभाव हातात पडला तर. कोरडवाहूत एवढे पिकवायला किती एकर लागतात, हे तुम्हाला सांगायला नको. त्यातून बी-खत, फवारणी, मजुरी वजा करा. आणि हे सारे एका वर्षाचे. अशी चार वर्षे काढायची आहेत.

त्यांना विचारले, "पोराला काय आवडतं?" म्हणाले, "इतिहास. पेपर वाचतं दिवसभर." मग त्याला बी.ए.ला का घालत नाही? गृहस्थ गप्प झाले. आर्ट्‌सला जाणे म्हणजे नापास होण्याची सभ्य तऱ्हा, असे आपल्या गावागावांत ठरून गेले आहे. हे कोणी ठरवले? १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडले, आणि त्यानंतर शिक्षणाचा बाजार उभा राहिला. बाजारात ज्याची जाहिरात होते तेच बियाणे भारी, हा अनुभव आपल्याला शेतातही आहे. संकरित ज्वारीचे पहिले वाण, सीएसएच-१, १९६४ साली आले. खतपाणी मिळाले तिथे चांगले पिकले. म्हणून रब्बीच्या काळ्या रानात कोणी मालदांडी टाकून दिली नाही. ज्या रानात जे येते ते पेरावे, हे आपण शेतात पाळतो आणि पोराच्या बाबतीत विसरतो.

कोल्हापुरात राजाराम कॉलेज १८८० पासून आहे, आज ते सरकारी आहे. गोपाळ कृष्ण गोखले तिथे शिकले. माधव जूलियन तिथे फारसी शिकवत. पण खेड्यातले पोर त्या कॉलेजात जाणार कसे? राहणार कुठे, खाणार काय? शाहू महाराजांनी नेमके हेच ओळखले. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, पाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लिम बोर्डिंगे, १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल. कॉलेज असून भागत नाही, दोन वेळची भाकरी लागते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजला जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ साली साताऱ्याला कॉलेज उभे केले, पोरांनी श्रम करून शिकायचे या पायावर. तिकडे कापसाच्या मुलखात पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली अमरावतीला शिवाजी शिक्षण संस्था काढली. ही कॉलेजे पहिल्या नंबराच्या पोरांसाठी निघाली नव्हती. पहिल्या नंबराचे पोर कसेही वर येते.

तेव्हा शोधायचे कसे? फी आधी पाहू नका. कॉलेजच्या कचेरीत जाऊन एकच प्रश्न विचारा : ही तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित? एकाच इमारतीत दोन्ही असतात, बाकेही तीच असतात, दर मात्र वेगळे. अनुदानित बी.ए.ची फी काही हजारांत भागते. मग विचारा, अर्थशास्त्राला, इतिहासाला कायमचे प्राध्यापक किती? सरकारने भरती वर्षानुवर्षे रखडवल्यामुळे कित्येक ठिकाणी तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर गाडा चालला आहे. ती माणसे वाईट शिकवतात असे नाही, पण पुढच्या वर्षी ती असतील याची खात्री नाही. मग ग्रंथालयात जा. संध्याकाळी दार उघडे असते का, पोरे बसलेली दिसतात का, हे डोळ्यांनी पाहा. माहितीपत्रकावरच्या रंगीत फोटोला भुलू नका.

जवळचे कॉलेज हलके, हाही एक गैरसमज. जतला राजे रामराव महाविद्यालय आहे, मंगळवेढ्याला दामाजी महाविद्यालय. घरी राहून पोर शिकले तर खोलीभाडे आणि मेस वाचते, आणि खरा खर्च तोच असतो. बाहेर ठेवायचेच असेल तर कमवा आणि शिका योजना कुठे आहे ते पाहा. शिवाजी विद्यापीठात ती आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. पंजाबरावांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. त्याच्या अटी अभ्यासक्रमाप्रमाणे वेगळ्या, त्या विचारून घ्या. २०२४ साली सरकारने आठ लाखांच्या आतल्या घरांतील इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ केली. चांगले केले. पण जेवणाखोलीचे पैसे माफ झालेले नाहीत, हे मुलीला पाठवण्याआधी मोजा.

बी.ए. झाले की नोकरी ठेवलेली आहे, असे मी सांगणार नाही. ते खोटे होईल. कायद्याची तीन वर्षांची पदवी पुढे करता येते, बी.एड. करता येते, राज्यसेवेची परीक्षा कोणत्याही पदवीवर देता येते. पण त्या परीक्षेपायी पुण्यात खोली करून वयाची सात-आठ वर्षे घालवणारी पोरेही मी पाहिली आहेत. एवढे मात्र खरे, की बी.ए. करून नोकरी लागली नाही तर चार एकर शाबूत राहतात. दोन लाखांची पदवी घेऊन नोकरी लागली नाही तर रानही जाते. आणि इतिहास, अर्थशास्त्र नीट शिकलेले पोर गावात असले तर कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी ते वाचून दाखवणारे कोणीतरी असते. आज आपण ते कोणाकडून वाचून घेतो?

त्या गृहस्थांनी अजून काही ठरवलेले नाही. पोरगा मंगळवेढ्याचे कॉलेज पाहून आला एवढे कळले.

पुढच्या जिल्हा बैठकीला ज्यांच्या घरी बारावीचे पोर आहे त्यांनी गुणपत्रिका, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि सातबारा बरोबर आणावा. दुपारच्या जेवणानंतर एक तास याच कामाला ठेवला आहे. पोरालाही आणा. प्रश्न त्यालाच विचारायचे आहेत.