प्लेबुकच्या मापाचा क्वार्टरबॅक

दर एप्रिलमध्ये अमेरिकी फुटबॉलचा ड्राफ्ट जवळ आला की एकच प्रश्न सगळीकडे विचारला जातो : कॉलेजातला हा क्वार्टरबॅक आमच्या कोचच्या ऑफेन्समध्ये बसेल का? प्रश्न इतका शहाणा वाटतो की त्यालाच कोणी प्रश्न विचारत नाही. माझे म्हणणे असे, की हा प्रश्न उलटा आहे आणि त्यापायी चांगल्या मुलांची उमेदीची वर्षे वाया गेली आहेत. कोचच्या पद्धतीला साजेसा क्वार्टरबॅक शोधू नये. क्वार्टरबॅक म्हणून जो चांगला आहे तो शोधावा, आणि ऑफेन्स त्याच्यासाठी बदलण्याची जबाबदारी कोचवर टाकावी.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्यांसाठी थोडे सांगायला हवे. क्वार्टरबॅक म्हणजे संघाचे आक्रमण, म्हणजेच ऑफेन्स, मैदानावर चालवणारा खेळाडू. एनएफएलच्या, म्हणजे व्यावसायिक लीगच्या, ड्राफ्टमध्ये बोली नसते. ३२ संघ ७ फेऱ्यांत पाळीपाळीने खेळाडू निवडतात. गेल्या हंगामात जो सगळ्यात खाली राहिला त्याची पाळी पहिली. वरची पाळी हवी असेल तर बदल्यात आपल्या पुढच्या पाळ्या द्याव्या लागतात. खेळाडूच्या हातात मात्र काही नसते. ज्या संघाने नाव पुकारले त्याच्या गावी जायचे आणि तिथे जो कोच असेल त्याच्या हाताखाली खेळायचे. पहिल्या फेरीतल्या मुलाचा करार ४ वर्षांचा. पाचवे वर्ष वाढवायचे की नाही तेही संघच ठरवणार. हे चार-पाच वर्षांचे गणित वाचकाने लक्षात ठेवावे, कारण माझ्या युक्तिवादाचा बराच भार त्यावर आहे.

आधी पूर्वपक्ष, आणि तो पुऱ्या ताकदीने मांडायला हवा, कारण तो पोकळ नाही. कॉलेजातल्या क्वार्टरबॅकला व्यावसायिक खेळात येताना खरोखरच पुष्कळ नव्याने शिकावे लागते. कॉलेजात बरेच संघ हडल, म्हणजे प्लेआधीचा घोळका, करतच नाहीत. मुलगा सेंटरच्या मागे पाच यार्डांवर शॉटगनमध्ये उभा राहतो, मैदानाबाहेरून आलेली सूचना घेतो आणि खेळतो. एनएफएलमध्ये त्याला लांबलचक नावाची प्ले ऐकून ती हडलमध्ये दहा जणांना न अडखळता सांगावी लागते. सेंटरला चिकटून उभे राहून चेंडू घ्यावा लागतो. बचावाकडे पाठ फिरवून, धावणाऱ्याला चेंडू दिल्यासारखे दाखवून, पुन्हा वळल्यावर क्षणात सगळे चित्र वाचावे लागते. त्यात २०११च्या कामगार करारानंतर सरावावर कडक मर्यादा आल्या; दिवसातून दोनदा पॅड घालून सराव करणे बंद झाले. तेव्हा कोच म्हणतात, शिकवायला वेळ कुठे आहे? आमच्या पद्धतीची सवय असलेलाच मुलगा घेऊ द्या. दाखल्यासाठी ते दोन नावे घेतात. पहिले जो मोंटानाचे : कोच बिल वॉल्शने १९७९मध्ये तिसऱ्या फेरीत, ८२व्या क्रमांकावर त्याला आपल्या ऑफेन्ससाठी घेतले आणि इतिहास घडला. दुसरे ब्रॉक पर्डीचे : २०२२च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, २६२वा खेळाडू, सॅन फ्रान्सिस्कोचा कोच काइल शॅनहन याच्या ऑफेन्समध्ये बसला आणि सुपर बोलपर्यंत गेला.

आता उत्तरपक्ष. त्यासाठी ॲरिझोनाची कथा सविस्तर सांगावी लागेल, कारण ‘कोचच्या ऑफेन्ससाठी क्वार्टरबॅक’ हे तत्त्व इतक्या निर्भेळ रूपात क्वचितच कोणी राबवले असेल.

२०१८मध्ये ॲरिझोना कार्डिनल्सने वर सरकून दहाव्या क्रमांकावर जॉश रोझनला घेतले. कोच स्टीव्ह विल्क्स नवे होते. हंगामाच्या मध्यावरच ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर माइक मॅकॉय यांना काढले आणि बायरन लेफ्टविच यांना बसवले. संघ ३ सामने जिंकला, १३ हरला. विल्क्स यांनाही एकाच वर्षात घरी पाठवले. मग आला क्लिफ किंग्सबरी. टेक्सस टेक विद्यापीठाने त्याला नुकतेच काढले होते. पण ‘एअर रेड’ या चेंडू फेकण्यावर उभ्या असलेल्या ऑफेन्सचा तो मोठा जाणकार. ओक्लाहोमाच्या कायलर मरीला आपण पहिल्या क्रमांकावर घेऊ, असे तो आदल्या ऑक्टोबरमध्ये, कॉलेजचा कोच असतानाच बोलून गेला होता. एप्रिल २०१९मध्ये ॲरिझोनाने मरीला पहिल्या क्रमांकावर घेतले आणि दुसऱ्याच दिवशी रोझनला मायामीला देऊन टाकले. वर्षभरापूर्वी ज्याला भविष्य म्हणून मिरवले, त्याला एका हंगामाच्या, दोन कोऑर्डिनेटरांच्या आणि एका मोडक्या संघाच्या बळावर निकाली काढले. तो नंतर कुठेच स्थिरावला नाही. तो थोर क्वार्टरबॅक झाला असता असे मी म्हणत नाही. पण त्याला कोणी पारखलेच नाही. नव्या कोचच्या प्लेबुकात तो बसत नव्हता, एवढाच त्याचा दोष ठरला.

मरीच्या बाबतीत पुढे काय झाले? मुलगा वाईट खेळला नाही. पहिल्याच वर्षी ऑफेन्सचा सर्वोत्तम नवोदित ठरला. पण ज्या ऑफेन्ससाठी त्याला घेतले ते ऑफेन्सच टिकले नाही. चार रिसीव्हर पसरून ठेवणारा किंग्सबरीचा मूळ आराखडा पहिल्या हंगामातच मागे पडू लागला आणि टाइट एंड अधिक दिसू लागले. २०२१मध्ये ११ विजय आणि ६ पराभव, मग प्लेऑफमध्ये रॅम्सकडून ३४-११ असा दारुण पराभव. २०२२मध्ये ४ विजय, १३ पराभव. डिसेंबरात मरीच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, जानेवारी २०२३मध्ये किंग्सबरीला काढले. नवा कोच, नवा कोऑर्डिनेटर आणि क्वार्टरबॅकला सेंटरला चिकटून उभे करणारे वेगळेच ऑफेन्स आले. कोच गेला, ऑफेन्स गेले. ज्याला त्या दोघांच्या मापाने निवडले तो गुडघ्यावर शस्त्रक्रिया करून नवे प्लेबुक पाठ करत राहिला.

हा अपवाद म्हणावा, तर ॲलेक्स स्मिथकडे पाहा. २००५मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतले. पहिल्या सात हंगामांत त्याला सात ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर लाभले. लोक त्याला फसलेली निवड म्हणू लागले. २०११मध्ये जिम हार्बॉ आला, त्याने स्मिथला जे जमते त्याभोवती खेळ बांधला आणि संघ १३ सामने जिंकला. खेळाडू तोच होता. चार वर्षांचा करार दोन वर्षांत बदलणाऱ्या माणसाच्या आवडीवर बांधायचा, हा हिशेबच मला कळत नाही. ज्याच्या मापाने निवड करायची, तो निदान निवडलेल्याइतका तरी टिकायला नको का?

आता मोंटाना. हा दाखला प्रतिपक्षाचा बालेकिल्ला आहे, पण वॉल्शचे ते प्रसिद्ध ‘वेस्ट कोस्ट ऑफेन्स’ आले कुठून, हे पाहिले की तो ढासळतो. वॉल्श त्याआधी सिनसिनाटीत पॉल ब्राउनचा सहायक होता. १९६९मध्ये तिथे ग्रेग कुक नावाचा जबरदस्त हाताचा नवा मुलगा आला आणि त्याच्यासाठी वॉल्शने लांब पल्ल्याच्या फेकींचा खेळ रचला. पहिल्याच वर्षी कुकचा खांदा दुखावला आणि कारकीर्द जवळपास तिथेच संपली. १९७०मध्ये हाती उरला व्हर्जिल कार्टर : हातात जोर बेताचा, पण फेक अचूक, पाय चपळ, डोके तल्लख. वॉल्शने लांब फेकींचा आराखडा बाजूला ठेवला. आखूड, वेळेवर सुटणाऱ्या, मैदानाच्या रुंदीभर पसरणाऱ्या फेकींचा नवाच खेळ त्याने कार्टरसाठी मांडला, आणि सिनसिनाटीने त्या वर्षी आपला गट जिंकला. म्हणजे अमेरिकी फुटबॉलमधले सगळ्यात नावाजलेले ऑफेन्स जन्मले ते एका दुय्यम समजल्या गेलेल्या क्वार्टरबॅकच्या अंगचे गुण पाहून. वॉल्शचे नाव घेऊन ‘आमच्या ऑफेन्समध्ये बसणाराच हवा’ असा हट्ट धरणारे वॉल्शच्या कामाची सुरुवातच विसरतात.

पर्डीचा दाखला तर माझ्याच बाजूने साक्ष देतो. मार्च २०२१मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने बाराव्या क्रमांकावरून तिसऱ्यावर जाण्यासाठी त्या बाराव्या पाळीसकट पहिल्या फेरीच्या तीन पाळ्या मायामीला दिल्या, वर तिसऱ्या फेरीची एक. एवढे मोजून ट्रे लान्सला घेतले. नॉर्थ डकोटा स्टेटचा हा मुलगा कॉलेजात एकच पूर्ण हंगाम खेळला होता. २०२०मध्ये त्याच्या वाट्याला एकच सामना आला. सॅन फ्रान्सिस्कोसाठी तो चार सामन्यांत सुरुवातीपासून खेळला, २०२२च्या दुसऱ्या आठवड्यात त्याचा घोटा मोडला आणि २०२३मध्ये चौथ्या फेरीच्या एका पाळीच्या बदल्यात तो डॅलसला गेला. पर्डीला त्याच कोचने, त्याच व्यवस्थापनाने आपल्या इतर सगळ्या निवडी उरकल्यावर घेतले आणि तिसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक म्हणून ठेवले. लान्स आणि संघाचा दुसरा क्वार्टरबॅक गॅरोपोलो दोघेही जखमी झाले तेव्हा कुठे तो मैदानात उतरला. आपल्या ऑफेन्समध्ये कोण बसेल हे शॅनहनसारख्या निष्णात माणसालाही आधी ओळखता आले नाही. मग या कसोटीवर तीन-तीन पाळ्या उधळायच्या कशासाठी? पर्डीत जे होते ते आयोवा स्टेटमध्ये चार वर्षे खेळून कमावलेले होते : लवकर निर्णय, अचूक फेक, मार खाऊन उठणे. हे गुण कोणत्याही ऑफेन्समध्ये लागतात.

राहिला वेळेचा मुद्दा. सराव कमी आहे हे मला मान्य. पण त्यातून निष्कर्ष नेमका उलटा निघतो. शिकवायला वेळ नसेल तर मुलाला जे येते तिथूनच आरंभ करावा. त्याच्या कॉलेजच्या प्ले आपल्या प्लेबुकात घ्याव्यात. प्रौढ, अनुभवी कोचला दहा प्ले नव्याने शिकणे अवघड, की बावीस वर्षांच्या पोराला दोनशे?

आणि प्लेबुकचे राज्य किती वेळ चालते तेही पाहावे. १९९४पासून क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये स्पीकर असतो, कोच त्यातून प्ले सांगतो. घड्याळात १५ सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. त्यानंतर बचाव जागा बदलतो, एक लाइनबॅकर अचानक धावून येतो, ज्याच्याकडे फेकायचे तो रिसीव्हर घसरून पडतो. सामने इथेच जिंकले आणि हरले जातात, आणि इथे त्या मुलाच्या डोक्यात जे आहे तेच कामी येते. निवड या क्षणांसाठी व्हायला हवी.

ज्यांनी अशी निवड केली त्यांचे काय झाले? पॅट्रिक महोम्स टेक्सस टेकमध्ये याच किंग्सबरीच्या हाताखाली एअर रेड खेळत होता. ‘एअर रेडची पोरे व्यावसायिक खेळात टिकत नाहीत’ हे तेव्हाचे पढीक मत. कॅन्सस सिटीचा कोच अँडी रीड तर माइक होल्मग्रेनच्या, म्हणजे वॉल्शच्याच घराण्यातला. कागदावर ही जोडी जुळत नव्हती. तरी २०१७मध्ये कॅन्सस सिटी २७व्या क्रमांकावरून दहाव्यावर गेली आणि तिने महोम्सला घेतले. रीडने त्याला वर्षभर ॲलेक्स स्मिथच्या मागे बसवून शिकवले, आणि स्वतःच्या ऑफेन्समध्ये कॉलेजच्या खेळातले पुष्कळ आत घेतले. चालत्या खेळात वाट फुटेल तिथून फेकण्याची महोम्सची खोड त्याने मोडली नाही. २०१८मध्ये ५,०९७ यार्ड, ५० टचडाउन आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान. एकाच गुरूचे दोन शिष्य : एक त्याच्या ऑफेन्ससाठी निवडला गेला, दुसरा ज्याच्यासाठी आपले ऑफेन्स बदलावे अशा कोचकडे गेला. त्या दुसऱ्याने फेब्रुवारी २०२४मध्ये पर्डीच्या संघाला हरवून तिसरा सुपर बोल जिंकला.

लमार जॅक्सनची गोष्ट मला याहूनही मोलाची वाटते. लुइव्हिलमध्ये कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी मिळवलेल्या या मुलाने रिसीव्हर व्हावे, असा सल्ला नावाजलेले जाणकार देत होते. २०१८च्या पहिल्या फेरीत तो अगदी शेवटी, ३२व्या क्रमांकावर बॉल्टिमोरला मिळाला. त्याच हंगामात आधीचा क्वार्टरबॅक जो फ्लॅको जखमी झाला आणि जॅक्सन खेळू लागला. पुढच्या वर्षी कोच जॉन हार्बॉने ग्रेग रोमनकडे सूत्रे देऊन अख्खे ऑफेन्स त्याच्याभोवती नव्याने उभारले. तीन-तीन टाइट एंड, धावण्याची धमकी प्रत्येक प्लेमध्ये, आणि त्या धमकीने मोकळ्या झालेल्या मधल्या जागेत फेक. २०१९मध्ये संघ १४ सामने जिंकला, २ हरला. धावून मिळवलेल्या ३,२९६ यार्डांचा विक्रम झाला, त्यात १,२०६ एकट्या जॅक्सनचे. सर्वोत्तम खेळाडूसाठीची सगळी ५० मते त्याला पडली.

याचा अर्थ कोणालाही घ्या आणि ऑफेन्स वाकवा असा नाही. २०११मध्ये डेन्व्हरला जॉन फॉक्सने टिम टीबोसाठी हंगाम चालू असताना खेळ बदलला. संघाने गट जिंकला, प्लेऑफमध्ये पिट्सबर्गला जादा वेळेत हरवले. पण टीबोच्या फेकी निम्म्याहून कमी पोहोचत होत्या, आणि पुढच्याच वर्षी तिथे पेटन मॅनिंग आला. अचूकता नसेल तर कोणताही कोच ती प्लेबुकातून पुरवू शकत नाही. म्हणून आधी पारख अचूकतेची, दडपणाखालच्या निर्णयाची, किती सामने खेळला आणि चुकल्यावर पुढच्या प्लेमध्ये काय केले याची. कोचचा आराखडा त्यानंतर.

कोचचे मत घेऊ नये असे मी म्हणत नाही. जनरल मॅनेजरने ते जरूर घ्यावे, पण वेगळा प्रश्न विचारून. या मुलासाठी तुमच्या प्लेबुकातल्या कोणत्या प्ले तुम्ही काढून टाकाल? त्याच्या कॉलेजच्या कोणत्या प्ले आत घ्याल? पहिल्या वर्षी त्याला काय करायला लावणार नाही? उत्तर लेखी द्यावे, आणि ते मालकासमोर ठेवावे. ज्याच्याकडून असा कागद येत नाही त्याच्या शब्दावर पहिल्या फेरीची पाळी खर्चू नये. ज्याच्याकडून येतो त्याला आणि त्या मुलाला निदान दोन हंगाम एकत्र काम करू द्यावे, पहिल्या वर्षी तेरा सामने हरले तरीही.